पंखाची मागची कड

एफ५जे या स्पर्धाप्रकाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो: मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद, मुदत १० मिनिटं. साडेतीन-पावणेचार मीटर पंखांचं मॉडेल ग्लायडर हातानं फेकायचं, मोटरच्या जोरावर वर न्यायचं, मोटर बंद करायची आणि उरलेला वेळ हवेतल्या उष्ण प्रवाहांवर (थर्मलवर) काढून मुदत संपता संपता खुणेवर उतरवायचं. तरंगण्याच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण. पण मोटर बंद केल्यानंतरच्या १० सेकंदांपर्यंत विमानानं जी सर्वांत जास्त उंची गाठली, ती विमानातलाच एक चिमुकला उंचीमापक नोंदवून ठेवतो आणि दर मीटरमागे अर्धा गुण कापला जातो. २०० मीटरच्या वर गेलात तर वरच्या प्रत्येक मीटरला तीन गुण. म्हणजे १८० मीटरवर मोटर बंद करणाऱ्याचे ९० गुण जातात आणि २२० मीटरवर बंद करणाऱ्याचे १६०. मध्येच घाबरून मोटर पुन्हा चालवली, तर ते उड्डाण वाया. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या छत्राखाली या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये स्लोव्हाकियातल्या त्रनावा इथे झाली.

हे गणित इतक्या तपशिलात सांगितलं, कारण त्यातच या छंदाचा गाभा आहे. ग्लायडरजवळ खर्चायला उंचीखेरीज काही नसतं. वळण घेतलं की थोडी उंची जाते, नाक उचललं की जाते, वेग वाढवला की जाते. नीट न जुळवलेलं विमान हाच खर्च विनाकारण करत राहतं आणि उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पंखाच्या मागच्या कडेवर चार हलत्या पट्ट्या असतात, टोकांकडे दोन एलेरॉन आणि आतल्या बाजूला दोन फ्लॅप. शेपटीवर नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर. सहा पृष्ठभाग आणि ते हलवणाऱ्या सहा छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो. हातात मात्र दोनच काठ्या, त्यांच्या मिळून चार दिशा. कुठल्या काठीनं कुठली पट्टी, किती, कुठल्या बाजूला आणि कुणाच्या जोडीनं हलावी, हे सगळं ट्रान्समीटरमध्ये बसवावं लागतं. मैदानावर याला ‘सेटअप’ एवढंच म्हणतात. तयार सांगाडा आणून जोडायला जेवढ्या संध्याकाळी लागतात, त्याहून जास्त या सेटअपला जातात, आणि मला वाटतं तसंच व्हायला हवं.

रेडिओवरून वस्तू हलवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांवर चालणारी बोट दाखवली होती. मॉडेल विमानांच्या बाबतीत सुरुवातीच्या यशस्वी प्रयोगांत ग्लायडर होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे हौशी रेडिओ संघटनेत काम करणारे रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो यांनी १९३७ मध्ये मोठी ग्लायडरं रेडिओवरून वळवून दाखवली. पुढची बरीच वर्षं साध्या संचांत एकच बटण असे. विमानात रबराच्या पिळावर फिरणारी एक कळ असायची; बटण एकदा दाबलं की रडर एका बाजूला, दोनदा दाबलं की दुसऱ्या. थोडंसं डावीकडे, असं काही नव्हतंच, पूर्ण डावीकडे किंवा सरळ. काठी जेवढी हलवली तेवढीच पट्टी हलणारे संच १९६०च्या दशकात रुळले. दोन पट्ट्यांच्या हालचाली एकत्र करायच्या तर विमानाच्या पोटात सरकत्या तबकडीवर सर्व्हो बसवून ते काम यंत्रानं करावं लागे. १९८०च्या दशकात ट्रान्समीटरमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि ती तबकडी पडद्यावरच्या आकड्यांत गेली.

लहरींचा प्रश्न मात्र पुढेही बराच काळ होता. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ, युरोपात ३५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक चॅनलचा वेगळा क्रिस्टल. मैदानावर एक फळी असे, तिच्यावर चॅनलच्या आकड्यांचे चिमटे. चिमटा हातात असल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, हा शिरस्ता. कारण एकाच चॅनलवर दोन रेडिओ लागले की हवेतलं विमान गेलंच. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी ती भीती संपवली. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून आज पुण्यातला कॉलेजचा मुलगा दुकानातून रेडिओ आणून त्याच संध्याकाळी जोडणीला बसू शकतो.

आता मुद्द्यावर येतो. एफ५जेच्या नियमांत आणखी एक कलम आहे, आणि मला ते सर्वांत सुंदर वाटतं. उड्डाण चालू असताना विमानाकडून उडवणाऱ्याला हवेची किंवा उंचीची कुठलीही माहिती मिळता कामा नये. रेडिओचा सिग्नल आणि बॅटरीचा दाब एवढंच कळलेलं चालतं. चढ-उतार सांगणारं पीं-पीं करणारं यंत्र बंद. म्हणजे तीनशे-चारशे मीटर दूर असलेलं विमान हवेत काय अनुभवतं, ते त्याच्या अंगावरून ओळखायचं. उजवा पंख किंचित उचलला गेला, म्हणजे उजवीकडे काहीतरी वर चढतंय. शेपटी उचलली जाऊन वेग जरा वाढला, म्हणजे समोर उष्ण हवेचा खांब असावा. नाक एका बाजूला ओढलं गेलं, वेग मंदावला, प्रत्येक गोष्टीला अर्थ.

पण विमान स्वतःच्याच दोषानं नाक ओढत असेल तर? एलेरॉन दिल्यावर शेपटी भलतीकडे जात असेल, दोन फ्लॅपमध्ये मिलिमीटरचा फरक असल्यामुळे विमान सतत डावीकडे कलत असेल, तर यातलं हवेचं सांगणं कुठलं आणि विमानाचं स्वतःचं दुखणं कुठलं, हे कळणार कसं? रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर नसेल, तर त्यात तोललेलं काहीच खरं मानता येत नाही. सेटअपचं काम तो काटा मध्यावर आणण्याचं आहे. विमान आज्ञा पाळतं की नाही हे पहिल्या दिवशी कळतं. आज्ञा नसताना ते गप्प राहतं की नाही, हे साधायला महिने जातात.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका माळावर रविवारी सकाळी काही जण जमतात. त्यांत यंत्रशाळेत आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. दोघांचा एक वाद मी अनेकदा ऐकला आहे आणि सेटअपबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंचसं त्या वादातून कळलं. मुलीच्या नव्या ग्लायडरचे दोन फ्लॅप अर्ध्या ब्रेकवर, म्हणजे वेग रोखायला अर्धेच खाली आणल्यावर, जुळत नव्हते. पूर्ण वर जुळत, पूर्ण खाली जुळत, मध्ये मात्र डावा मागे राही.

‘‘कर्व्ह टाकते ना काका, पाच बिंदूंचा. दोन मिनिटांचं काम आहे,’’ ती म्हणाली.

‘‘कर्व्ह टाकशील गं, पण फरक कशानं पडला ते आधी बघ. भुजा बघ दोन्हीकडच्या.’’

भुजा पाहिल्या. डाव्या सर्व्होची भुजा उजवीपेक्षा एका दात्यानं पुढे बसली होती.

अनेक सर्व्होंच्या दांड्यावर २५ दाते असतात. भुजा एका दात्यानं सरकवली की १४.४ अंश फिरते, आणि तेवढा फरक पडद्यावरच्या सबट्रिमनं, म्हणजे सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या आकड्यानं, झाकता येतो. झाकला की मध्य जुळतो, दोन टोकंही प्रवासाच्या मर्यादा बदलून जुळवता येतात, पण मधला रस्ता वाकडाच राहतो, कारण भुजा गोल फिरते आणि तिला पट्टीशी जोडणारा पुशरॉड सरळ ओढतो. दात्यांची संख्या विषम असल्यामुळे एक युक्ती मात्र करता येते: दोन्ही बाजूंना लांब असलेली भुजा अर्धा फेरा उलटी करून बसवली की अर्ध्या दात्याचा, म्हणजे ७.२ अंशांचा, फरक हाती येतो. काकांच्या डब्यात अशा भुजा वेगवेगळ्या खुणा करून ठेवलेल्या असतात. मुलीनं भुजा बदलली, फरक जवळजवळ गेला, आणि जो राहिला तो तिनं कर्व्हनं काढला. तिच्या हातात अंशमापक होता आणि दोन्ही फ्लॅप तिनं पाच ठिकाणी मोजले. काका नजरेनं बघत होते आणि नजरेला तो शेवटचा फरक दिसला नसता. मला दोघांचंही पटतं, फक्त क्रम काकांचा.

हा क्रम म्हणजे आधी पंख, मग पडदा. सर्व्होला दीड मिलिसेकंदाचा ठोका गेला की तो मध्यावर येतो. साधारण एक आणि दोन मिलिसेकंद ही त्याची दोन टोकं. नवीन मॉडेलची स्मृती उघडायची, सगळे ट्रिम शून्यावर, सगळी मिक्सिंग (एका काठीनं अनेक पट्ट्या हलवणाऱ्या जोडण्या) बंद, आणि सर्व्होला वीज देऊन मध्यावर आणल्यावरच भुजा बसवायची. भुजेवर पुशरॉडचं भोक जितकं आत आणि पट्टीच्या हॉर्नवर जितकं बाहेर, तितकी सर्व्होची ताकद जास्त पोचते, हालचाल बारीक होते आणि सांध्यातली ढिलाई पट्टीपर्यंत कमी पोचते. लांब भुजा लावून पडद्यावर प्रवास चाळीस टक्क्यांवर आणणं ही सवय अगदी सर्रास दिसते. त्यात सर्व्होचं निम्म्याहून अधिक काम फुकट जातं आणि ढिलाई तेवढी वाढते. पट्टी बोटांत धरून हलवून पाहावी; सर्व्हो चालू असताना ती खुळखुळता कामा नये. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये स्पेन्सर लिझेनबी यांनी डोंगरामागच्या वाऱ्याच्या थरांतून मोटर नसलेलं ग्लायडर ताशी ८८२ किलोमीटरपर्यंत नेलं. तसल्या वेगात सांध्यातला खुळखुळाट पट्टीला फडफडायला लावतो आणि पंख हवेतच तुटतो. आपली विमानं त्याच्या पासंगालाही पोचत नाहीत, पण थर्मलमधून उंचावरून खाली आणताना वेग भलताच वाढतो, आणि फडफड तेव्हाही होते.

फ्लॅपच्या बाबतीत ‘सगळं मध्यावर’ हा नियम जाणूनबुजून मोडायचा. फ्लॅपला उतरताना ७०-८० अंश खाली यायचं असतं आणि वर जायचं असतं फक्त दोन-तीन मिलिमीटर. भुजा मध्यावर सरळ उभी ठेवली तर सर्व्होचा अर्धा प्रवास कधी वापरलाच जाणार नाही आणि खाली मात्र तो कमी पडेल. म्हणून फ्लॅप पंखाशी सपाट असताना भुजा बरीच एका बाजूला झुकलेली हवी. हे कळलं नाही की नवशिका कितीही टक्के वाढवत बसतो आणि फ्लॅप ४५ अंशांवर अडून राहतो.

यानंतर एलेरॉन. उजवीकडे वळायला उजवा एलेरॉन वर जातो आणि डावा खाली. खाली गेलेल्या पट्टीमुळे डाव्या पंखाची उचल वाढते, तसाच त्याचा हवेतला अडसरही वाढतो. परिणामी विमान उजवीकडे कलतं आणि नाक डावीकडे ओढलं जातं. ग्लायडरचे पंख लांब, म्हणून हा दोष ग्लायडरला फारच बाधतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक डिफरेन्शियल: पट्टी वर जेवढी जाते त्याच्या साधारण निम्मीच खाली जाऊ द्यायची, वर १५ मिलिमीटर तर खाली सात-आठ. दुसरा उपाय एलेरॉनबरोबर रडरही थोडा जोडून देण्याचा. किती, ते टेबलावर ठरत नाही. विमान आपल्यापासून सरळ दूर नेऊन त्याला डावीकडे-उजवीकडे झुलवायचं आणि मागून फक्त सांगाड्याकडे पाहायचं. झुलताना सांगाडा एका रेषेत राहिला तर काटा मध्यावर. नाक कलण्याच्या उलट गेलं तर डिफरेन्शियल किंवा रडर वाढवायचा, कलण्याच्या दिशेलाच घुसलं तर कमी. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता वर्षानुवर्षं उडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची विमानं वळताना शेपटी हलवत राहतात आणि ते हवेला दोष देतात.

मागच्या कडेचं खरं वैभव मात्र कॅम्बरमध्ये आहे. चारही पट्ट्या एकत्र किंचित खाली आणल्या की पंखाचा बाक वाढतो, विमान हळू उडतं, थर्मलमध्ये लहान वर्तुळात फिरतं. किंचित वर नेल्या की बाक कमी होतो, विमान धावतं, खाली बसणाऱ्या हवेतून लवकर सुटतं. किंचित म्हणजे किती? धावायला मिलिमीटर-दीड मिलिमीटर, थर्मलला दोन-तीन. एमआयटीचे प्राध्यापक मार्क ड्रेला यांनी हातानं फेकायच्या ग्लायडरांसाठी पंखांचे छेद आखले आणि छेदाभोवतीची हवा संगणकावर तपासणारा एक्सफॉइल हा प्रोग्राम लिहिला. माणसानं पायडल मारत क्रीटपासून सँटोरिनीपर्यंत ११५ किलोमीटर उडवलेल्या १९८८च्या डीडालस विमानामागेही ते होते. असा छेद आखणारा माणूस पट्टीच्या एकेका अंशाचा हिशेब करून आखतो. आपण ती पट्टी अंदाजानं बसवली तर त्या हिशेबातलं काहीच आपल्या वाट्याला येत नाही.

इथेच बहुतेकांची एक चूक होते. फ्लॅप आणि एलेरॉन दोन्ही तीन मिलिमीटर खाली आणले की कड सरळ दिसेल असं वाटतं. पण पंख टोकाकडे निमुळता असतो. फ्लॅपची रुंदी ६० मिलिमीटर असेल तर तीन मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन अंश. एलेरॉनची ४० असेल तर तेच तीन मिलिमीटर म्हणजे सव्वाचार अंशांहून जास्त. टोकाकडे बाक जास्त झाला, आणि हळू वळताना आधी टोकच स्टॉल होणार, म्हणजे तिथली उचल जाणार, विमान थर्मलच्या आतल्या बाजूला कोसळणार. कड अंशांत जुळवावी, आणि टोकाकडे अंश जरासा कमी ठेवला तर उत्तम.

दुसऱ्याचे आकडे उतरवून घेण्याबद्दल इथेच सांगतो. ‘तुझं डिफरेन्शियल किती टक्के?’ हा प्रश्न मैदानावर नेहमी ऐकू येतो आणि त्याचं उत्तर निरुपयोगी असतं. टक्का भुजेच्या लांबीवर, हॉर्नच्या उंचीवर, सर्व्होच्या जातीवर अवलंबून. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानातही तो तसाच लागू पडेल असं नाही. मिलिमीटर किंवा अंश विचारावेत, आणि वहीत तेच लिहावेत.

उतरण्याची तयारी हा सेटअपचा सर्वांत नाजूक भाग. एफ५जेमध्ये खुणेपासून एक मीटरच्या आत उतरलात तर ५० गुण, पुढे दर मीटरला पाच कमी, दहा मीटरच्या पलीकडे शून्य. ग्लायडर तरंगण्यासाठी बनलेलं, त्यामुळे ते जमिनीजवळ आलं तरी खाली यायला तयार नसतं. त्याला रोखायला ‘क्रो’ लागतो: फ्लॅप जवळजवळ काटकोनात खाली, एलेरॉन थोडे वर. फ्लॅप खाली येताच बहुतेक विमानं नाक वर करतात, म्हणून ट्रान्समीटरनं स्वतःहून एलिव्हेटर थोडा खाली द्यावा, अशी जोडणी करतात. ही भरपाई सरळ रेषेत नसते. ब्रेकच्या पहिल्या एक तृतीयांश हिश्श्यात ती झपाट्यानं वाढते, पुढे मंदावते. तिचा कर्व्ह उंचावरच तपासायचा. ब्रेक हळूहळू ओढायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबून नाक कुठे जातं ते पाहायचं, उतरल्यावर एकच बिंदू बदलायचा आणि पुन्हा वर जायचं. आणखी एक खुबी अशी, की क्रोमध्ये एलेरॉन आधीच वर गेलेले असतात. तिथे निम्मंच खाली जाण्याचा डिफरेन्शियलचा नियम ठेवला तर विमान कलायला आळस करतं, आणि नेमकं जमिनीलगत. म्हणून ब्रेक ओढत जाऊ तसा डिफरेन्शियल कमी होत जाईल, अशी सोय करायची.

ब्रेक कुठल्या काठीवर, याला एक सुरेख आधार खऱ्या ग्लायडरमध्ये सापडतो. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर आहे. खऱ्या ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये डाव्या हाताशी एक निळी मूठ असते. ती मागे ओढली की पंखावरचे ब्रेक उघडतात. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वापरतात, म्हणजे उजव्या काठीवर एलेरॉन आणि एलिव्हेटर, डाव्या काठीवर मोटर आणि रडर. जपानमध्ये मोड १ रुळलेला आहे, तिथे एलिव्हेटर डाव्या हातात. मोड २च्या ग्लायडरवाल्यानं मोटर बटणावर टाकावी आणि डावी उभी काठी ब्रेकला द्यावी: पुढे ढकललेली म्हणजे ब्रेक बंद, मागे ओढली की चालू. हाताला कॉकपिटमधलीच सवय लागते. वरच्या टोकाला पाच-सात टक्के मोकळी जागा ठेवावी, नाहीतर अंगठा जरा हलला तरी ब्रेक उघडतो आणि उंची गळत राहते.

मोटर बटणावर गेली की एक धोका वाढतो, आणि त्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. घरात बॅटरी जोडताना बटण चुकून पुढे राहिलं तर पंखा फिरतो आणि बोटं कापली जातात. मोटरला दोन कुलपं हवीत, एक वेगळं बटण आणि त्यावर दुसरी अट. आणि सेटअप चालू असताना पंखा काढूनच ठेवावा. रेडिओचा संपर्क तुटला तर सर्व्होंनी काय करावं, ते फेलसेफमध्ये सांगून ठेवावं लागतं. मोटर बंद हे तर आलंच. ग्लायडरला थोडा ब्रेक आणि किंचित वळणही द्यावं, म्हणजे ते तरंगत दूरच्या गावात न जाता जवळपास खाली येईल. कार्बन फायबर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतो, म्हणून कार्बनच्या सांगाड्यात अँटेना बाहेर काढाव्या लागतात. रेडिओ कमी शक्तीवर टाकून चालत दूर जायचं आणि सर्व्हो थरथरतात का ते पाहायचं, ही परीक्षा दरवेळी नव्यानं.

यंत्रांबद्दल थोडंच. जेटी, फुटाबा, स्पेक्ट्रम यांच्या रेडिओंत ग्लायडरचे तयार मेनू मिळतात, फक्त जागा भरायच्या. एजटीएक्स ही मुक्त प्रणाली (ओपनटीएक्समधून २०२१ मध्ये वेगळी झालेली) कोरी पाटी हातात देते. मला ती आवडते, ते तिच्या मांडणीमुळे. हाताची हालचाल इनपुटमध्ये, काठ्यांचं एकत्र येणं मिक्समध्ये आणि सर्व्होची दिशा, मध्य, टोकं आउटपुटमध्ये. तिन्ही वेगळ्या खोल्या. अपघातात सर्व्हो तुटला आणि नवा बसवला तर फक्त शेवटच्या खोलीतले आकडे बदलायचे. डिफरेन्शियल, कॅम्बर, ब्रेक सगळं जसंच्या तसं राहतं. मध्य जुळवायला कुणी मिक्समध्ये आकडा टाकला, की पुढच्या वर्षी त्याला स्वतःलाच काही उमजत नाही. तयार मेनूच्या रेडिओतही ही शिस्त पाळता येते.

हवेतला क्रमही ठरलेला असावा. आधी गुरुत्वमध्य. मधल्या मोडमध्ये, म्हणजे पट्ट्या ना वर ना खाली असताना, सरळ उडणारं विमान ट्रिम करायचं, उंचावर नेऊन ३०-४० अंशांत खाली सोडायचं आणि काठी सोडून द्यायची. ते झपकन नाक वर काढत असेल तर नाक जड आहे. आणखी खाली घुसत असेल तर शेपूट जड, ताबडतोब सावरा. हळूहळू, जवळजवळ नाइलाजानं वर येत असेल तर ठीक. वजन हलवलं की एलिव्हेटरचा ट्रिम बदलतो, ट्रिम बदलला की ब्रेकची भरपाईही. म्हणून गुरुत्वमध्य ठरण्याआधी क्रो जुळवत बसणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. त्यानंतर झुलण्याची परीक्षा, मग धावण्याचा आणि थर्मलचा मोड, प्रत्येकाला एलिव्हेटरचा आपला वेगळा ट्रिम. मोड बदलताना पट्ट्या सेकंदभरात सावकाश सरकाव्यात, झटक्यानं नव्हे, नाहीतर विमान दचकतं. एका उड्डाणात एकच गोष्ट बदलायची. मुलीनं या उन्हाळ्यात तिची वही मला दाखवली: प्रत्येक ओळीत तारीख, वारा, बदललेली एक गोष्ट, आणि काय झालं.

मार्च ते मे दख्खनच्या पठारावर हवा या कामासाठी फार चांगली असते. काळा खडक आणि नांगरलेली जमीन तापली की अकरानंतर घारी वर्तुळं घेऊ लागतात आणि त्या जिथे फिरतात तिथे विमान न्यावं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हवा इतकी खवळलेली असते की तेव्हा डिफरेन्शियल जुळवणं अशक्य. जुळवणीसाठी सकाळी सातची शांत हवा, शिकण्यासाठी दुपारची. काका पहाटेच येतात ते म्हणूनच.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं सहा सर्व्होंच्या विमानापासून सुरुवात करू नये. दोन मीटर पंखांचं, फक्त रडर, एलिव्हेटर आणि मोटर असलेलं फोमचं ग्लायडर घ्यावं. त्यात मिक्सिंग जवळजवळ नसतं, पण गुरुत्वमध्याची परीक्षा, सर्व्होचा मध्य, फेलसेफ, मोटरचं कुलूप, वही हे सगळं असतं. रेडिओ मात्र पहिल्यापासून आठ-दहा चॅनलचा घ्यावा, तो पुढे बदलावा लागत नाही. जागा निवडताना ड्रोन नियम २०२१ आणि डिजिटल स्कायचा नकाशा पाहावा. पुण्यात लोहगावचा विमानतळ जवळ आहे, आणि हिरव्या विभागातही १२० मीटरच्या वरचं आकाश पिवळ्या विभागात मोडतं, तिथे परवानगी लागते. चांगलं थर्मल लागलं की ग्लायडर ती उंची मिनिटभरात ओलांडतं, म्हणून ब्रेक नसलेल्या विमानाला खाली कसं आणायचं, हे पहिल्याच दिवशी जाणत्याकडून शिकून घ्यावं: रडर आणि एलिव्हेटर देऊन रुंद गिरक्यांत, वेग वाढू न देता.